‘फोटो काढू नका’ : मनाईचा अधिकार कोणाचा?

भारतात सार्वजनिक जागेत छायाचित्र काढायला सरसकट मनाई करणारा एकही कायदा नाही. तरीही रेल्वेच्या फलाटावर, धरणाच्या भिंतीवर, पोलीस ठाण्याच्या दारात, मॉलमध्ये किंवा देवळाच्या सभामंडपात मोबाइल वर उचलला की कोणीतरी पुढे येऊन ‘फोटो काढू नका’ असे बजावते. बजावणारा कधी पोलीस असतो, कधी खासगी सुरक्षारक्षक, कधी जागेचा मालक किंवा विश्वस्त, तर कधी ज्याचा फोटो निघतो आहे तो माणूस स्वतः. शब्द सगळ्यांचे तेच. त्यामागचा अधिकार मात्र प्रत्येकाचा निराळा, आणि पुष्कळदा तो नसतोच. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते कायद्यानेच घालावे लागतात. कोणाच्या मर्जीने नव्हे. त्यामुळे ही मनाई कोणत्या कायद्याखाली होते आहे, हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरत नाही.

मनाई करताना सर्वांत जास्त वेळा पुढे केला जातो तो १९२३ चा शासकीय गुपिते कायदा. ब्रिटिशांनी असा पहिला कायदा १८८९ मध्ये केला, कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ साली तो कडक झाला आणि १९२३ मध्ये त्याला सध्याचे रूप आले. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. त्याचे तिसरे कलम हेरगिरीचे आहे. ‘प्रतिबंधित ठिकाणा’च्या आसपास वावरणे किंवा शत्रूला उपयोगी पडेल असा नकाशा, रेखाटन तयार करणे हा त्याखाली गुन्हा ठरतो, पण देशाच्या सुरक्षिततेला किंवा हितसंबंधांना बाधक असा उद्देश त्यामागे असावा लागतो. प्रतिबंधित ठिकाण म्हणजे काय, याची व्याख्याही कायद्यातच आहे. लष्करी, नौदलाची आणि हवाई दलाची ठाणी, दारूगोळ्याचे कारखाने ही तर त्यात येतातच. रेल्वे, रस्ते, पाणी आणि विजेची केंद्रे मात्र आपोआप येत नाहीत. त्यासाठी केंद्र सरकारला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, आणि त्या अधिसूचनेची प्रत इंग्रजीत व स्थानिक भाषेत त्या जागी लावावी लागते. महाराष्ट्रात ती स्थानिक भाषा मराठी. परकीय सरकारने केलेल्या कायद्यातही लोकांना त्यांच्या भाषेत आधी कळवण्याची अट आहे, हे विसरून चालणार नाही. धरणावर किंवा पुलावर गंजलेल्या पत्र्यावर रंगवलेले ‘छायाचित्रण करण्यास सक्त मनाई आहे’ एवढेच वाक्य असते. खाली ना कलम, ना तारीख, ना हुकूम काढणाऱ्याचे पद. अशा पाटीवरून ती जागा खरोखर अधिसूचित आहे की कोणा जुन्या अधिकाऱ्याने खबरदारी म्हणून पाटी लावली, हे कळायला मार्ग नाही.

या कायद्याचा हवाला पोलीस ठाण्यातही दिला जात असे. वर्धा जिल्ह्यात २०१८ साली पोलीस ठाण्यातल्या बोलण्याचे चित्रण केले म्हणून एका नागरिकावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाची तक्रार हे त्याचे निमित्त. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये गुन्हा रद्द केला आणि स्पष्ट सांगितले की, प्रतिबंधित ठिकाणाची व्याख्या परिपूर्ण आहे व तीत पोलीस ठाणे येत नाही. दोन वर्षांनी औरंगाबाद खंडपीठानेही हीच भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने तर डिसेंबर २०२० मध्येच देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला होता, तोही कोठडीतल्या माणसाच्या हक्कांचे रक्षण व्हावे म्हणून. जिथे सरकारने स्वतःच कॅमेरा लावायचा, तिथे नागरिकाच्या कॅमेऱ्याला गुपितांचा कायदा लावणे टिकणारे नव्हतेच.

सुरक्षेची भीती मात्र पोकळ नाही, निदान मुंबईत तरी नाही. २००६ ते २००८ या काळात डेव्हिड हेडली हा अमेरिकी नागरिक वारंवार मुंबईत येत राहिला. पर्यटकासारखा हिंडून त्याने ताजमहाल हॉटेलसारख्या ठिकाणांचे व्हिडिओ चित्रण केले आणि ते लष्कर-ए-तोयबाच्या हाती दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची आखणी त्याच टेहळणीवर झाली. त्या रात्रीनंतर स्थानकावर, समुद्रकिनारी, मोठ्या हॉटेलांसमोर कॅमेरा दिसला की पहारेकऱ्याची नजर तिकडे वळते. ती वळलीच पाहिजे.

पण त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये आणखी एक कॅमेरा होता. मुंबई मिररचे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसूझा गोळीबाराचा आवाज ऐकून जवळच्या कार्यालयातून स्थानकात धावले आणि उभ्या असलेल्या गाडीच्या डब्याचा आडोसा घेऊन त्यांनी हल्लेखोर अजमल कसाबची छायाचित्रे टिपली. पाठीवर सॅक आणि हातात रायफल घेऊन फलाटावरून चालणारा कसाब जगाने पाहिला तो या छायाचित्रांतून. पुढे विशेष न्यायालयात डिसूझा यांनी साक्ष दिली आणि त्यांची छायाचित्रे पुराव्यात दाखल झाली. हेडलीचा कॅमेरा लपून काम करत नव्हता, तो पर्यटकांच्या गर्दीत उघड वावरत होता. गर्दीतल्या प्रत्येकाला हटकून असा माणूस सापडत नाही. त्याच्या वारंवारच्या येण्याजाण्याची, ओळखपत्रांची आणि संपर्कांची छाननी व्हावी लागते. सरसकट मनाईने मात्र डिसूझांसारख्यांचा कॅमेरा बंद होण्याचा धोका असतो. पहारेकऱ्याने जरूर विचारपूस करावी, नाव-गाव विचारावे. विचारपूस आणि बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही ठिकाणी बंदीला नेमका आधार असतो. १९३७ च्या विमान नियमांतील १३ व्या नियमाने शासकीय विमानतळावर आणि उडत्या विमानातून परवानगीवाचून छायाचित्रण करायला बंदी घातली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पुढे प्रवाशांना विमानात साधे फोटो काढायची मुभा दिली, पण संरक्षण दलांच्या विमानतळांवर ती लागू नाही. पुण्याचा लोहगाव तळ हवाई दलाचा आणि गोव्यातील दाबोळी नौदलाचा, म्हणून तिथे विमान उतरताना ‘फोटो काढू नका’ ही सूचना दिली जाते. ती पाळण्यावाचून पर्याय नाही. अटल सेतूवरची गोष्ट वेगळी. जानेवारी २०२४ मध्ये हा सागरी सेतू खुला होताच लोक गाड्या थांबवून कठड्याशी उभे राहून फोटो काढू लागले आणि पोलिसांनी दंड केले. दंड होता गाडी थांबवण्याचा; गाडीत बसलेल्या प्रवाशाने काचेतून समुद्र टिपला तर त्यात गुन्हा काही नाही. २०१६ च्या जानेवारीत वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी घेताना मुलगी समुद्रात पडून बुडाल्यानंतर मुंबई पोलिसांनी काही धोक्याच्या जागा सेल्फीसाठी वर्ज्य ठरवल्या, तिथेही प्रश्न जिवाचा होता.

पोलिसाच्या तोंडी हुकमाला कायद्यात काहीच आधार नाही, असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ६८ व्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्याने आपले कर्तव्य बजावताना दिलेले वाजवी निर्देश पाळणे सर्वांवर बंधनकारक आहे, आणि न पाळणाऱ्याला ६९ व्या कलमाखाली तिथून हटवता येते. अपघाताच्या जागी रुग्णवाहिकेची वाट अडवून कोणी व्हिडिओ काढत असेल तर ‘मागे सरा’ हा निर्देश वाजवीच आहे. पण मागे सरून, वाट मोकळी ठेवून कोणी चित्रण करत असेल, तर ‘कॅमेरा बंद करा’ या हुकमाचे कारण पोलिसाने सांगायला हवे. भारतीय न्याय संहितेचे २२३ वे कलम हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगते, पण तो हुकूम अधिकृत लोकसेवकाने रीतसर जारी केलेला असावा लागतो.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो पुढच्या पायरीवर. हवालदार किंवा सुरक्षारक्षक मोबाइल हातात घेतो, गॅलरी उघडायला लावतो आणि ‘डिलीट करा, आमच्यासमोर डिलीट करा’ म्हणतो. मग ‘रिसायकल बिनमधूनही काढा’ असे सांगायलाही विसरत नाही. असा अधिकार वरच्या कायद्यांत कुठेही दिलेला नाही. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलिसाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ व्या कलमाखाली वस्तू जप्त करता येते, मात्र त्याची माहिती दंडाधिकाऱ्याला द्यावी लागते आणि जप्तीचे चित्रणही करावे लागते. म्हणजे फोटोत गुन्हा असेल तर तो पुरावा आहे, तो पुसणे चुकीचे. आणि गुन्हा नसेल तर पुसायला लावायचे कारणच नाही. खासगी सुरक्षारक्षकाला तर फोनला हात लावण्याचाही अधिकार नाही. दुसऱ्याच्या उपकरणातली माहिती मालकाच्या संमतीवाचून पुसणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाखाली नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

मॉल, हॉटेल, देवस्थान यांचे नियम मात्र पाळावे लागतात. जागा लोकांसाठी खुली असली तरी मालकी खासगी किंवा विश्वस्तांची असते. नियम न पाळणाऱ्याला तिथून बाहेर जायला सांगता येते. पण रस्त्यावर उभे राहून इमारतीचा फोटो काढणाऱ्यावर मालकाची सत्ता चालत नाही. प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमाने वास्तूचे आणि सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे मोकळे ठेवले आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या वास्तूला २०१७ मध्ये व्यापारचिन्हाची नोंदणी मिळाली. तिचा रोख त्या आकृतीच्या व्यापारी वापरावर आहे. अपोलो बंदरावर उभ्या असलेल्या पर्यटकाच्या फोटोला तिने काही अडत नाही. तिथे अडचण येते ती ट्रायपॉड मांडल्यावर. ट्रायपॉड दिसला की हे व्यावसायिक चित्रीकरण आहे असे धरले जाते आणि परवानगीचा कागद मागितला जातो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला असलेली बंदी या सगळ्यांहून वेगळी आणि निर्विवाद आहे, कारण प्रखर प्रकाशाने भिंतींवरच्या रंगांची हानी होते.

ज्याचा फोटो निघतो आहे त्या माणसाने ‘नको’ म्हटले, तर त्याचे मोल सर्वांत मोठे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाने स्त्रीच्या खासगी कृतीचे चोरून छायाचित्र घेणे हा गुन्हा ठरवला आहे. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात हजारो वारकरी बायका उघड्यावर अंघोळ करतात, लुगडी बदलतात; दुसरी सोय नसते म्हणून. तिथे नदीकाठ सार्वजनिक आहे, हे कारण सांगून लेन्स रोखणारा छायाचित्रकार कायद्यातून कदाचित सुटेल, पण त्याची बाजू घेता येणार नाही. अपघातात रक्ताने माखलेल्या माणसाचा व्हिडिओ काढण्याबाबतही हेच. अशा वेळी कोणी ‘बंद करा’ म्हटले तर कलम न विचारता कॅमेरा खाली घ्यावा.

सरकारी कार्यालयांनी मात्र कलम सांगितलेच पाहिजे. जिथे बंदी खरोखर हवी, तिथे मराठीत फलक लावावा. त्यावर कायदा, आदेशाचा क्रमांक व तारीख, अधिकाऱ्याचे पद आणि बंदीची हद्द लिहावी. फलक नसेल आणि तोंडी मनाई झाली, तर नागरिकाने हुज्जत न घालता आदेश कोणाचा हे विचारावे, पोलिसाच्या छातीवरचे नाव टिपून ठेवावे, फोटो पुसू नये आणि पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी. मनाईच्या आदेशाची प्रत माहितीच्या अधिकाराखालीही मागता येते. महाराष्ट्रात त्यासाठी दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा लागतो, आणि जनमाहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.