मोबाइलवरील खेळ आणि घरांतील मुलगा

न्हावा आणि शेवा हीं उरण परिसरांतील दोन गांवें एके काळीं भातशेती, मिठागरें आणि मासेमारी यांवर जगत असत. दिवेलागण झाली, जेवणें उरकलीं, कीं सारें गांव अंथरुणाला पाठ टेकी. 26 मे 1989 रोजीं येथें बंदर सुरू झालें आणि त्या किनाऱ्यावरून काळोख जवळजवळ हद्दपार झाला. आज तेथें मध्यरात्रींही क्रेनच्या माथ्यावर दिवे जळत असतात, कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग रस्त्यानें सरकत असते, आणि माणसें पाळ्यापाळ्यांनीं कामावर जातात. दुसरी पाळी संपवून बाप मध्यरात्रीं घरीं येतो. घर निजलेलें असतें. पायांतील बूट काढून, आवाज न करितां तो आंत जातो, तों आंतल्या खोलींत पांघरुणाखालून निळसर उजेड झिरपतांना त्याला दिसतो.

हें कोणा एका घराचें चित्र नव्हे. त्या पट्ट्यांतील पुष्कळ घरांचें मिळून एक घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावींत. आठवीपर्यंत वर्गांत वरच्या पांचांत असे. सहामाहींत गणितांत नापास झाला. जेवावयास हांक मारली तर ‘पांच मिनिटें’ म्हणतो, आणि त्या पांच मिनिटांचा पाऊण तास होतो. एके दिवशीं आजीच्या खात्यांतून अडीच हजार रुपये गेल्याचा संदेश आला. ते पैसे खेळांतल्या शिपायाला नवा पोशाख चढविण्यांत खर्ची पडले होते. घरांत त्यानंतर जो अबोला पसरला, तो त्या रकमेच्या मानानें फार मोठा होता. आजीला पैसे गेल्याचें दुःख नव्हतें. नातवानें आपल्याला विचारलें नाहीं याचें होतें.

हा मोबाइल घरांत आणिला कोणी, असा प्रश्न आई रागाच्या भरांत करिते खरी, पण उत्तर तिला ठाऊक असतें. 2020 सालीं महामारीनें शाळा बंद पडल्या, मुलगा पांचवींत होता, आणि धडे मोबाइलवरच यावयाचे होते. तेव्हां हप्त्यानें तो विकत घेऊन बापानेंच मुलाच्या हातांत दिला. शाळा पुन्हां उघडल्या. मोबाइल मात्र दप्तराबरोबर परत गेला नाहीं.

‘पांच मिनिटें’ खोटीं कां ठरतात, हें वडील माणसांनीं एकदां समजून घेण्याजोगें आहे. पब्जी किंवा त्याचें भारतांतील रूप म्हणजे बीजीएमआय, या जातीच्या खेळांत सुमारें शंभर खेळाडू छत्रीनें एका बेटावर उतरतात. शस्त्रें शोधावयाचीं, एकमेकांना टिपावयाचें, आणि सुरक्षित वर्तुळ आकुंचित होत जातें त्याबरोबर आंत सरकत जावयाचें. जो शेवटपर्यंत उरेल तो विजयी. एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. बहुतेक मुलें चौघांची टोळी करून खेळतात. एक उठला तर उरलेले तिघे उघडे पडतात, आणि दुसऱ्या दिवशीं शाळेंत त्याचा जाब द्यावा लागतो. आईला दिसतो तो हातांतील यंत्राशीं एकटा बसलेला मुलगा. मुलाच्या कानांत मात्र तिघे मित्र ओरडत असतात. पत्त्यांचा डाव अर्ध्यावर टाकून उठणाऱ्या भिडूस काय बोलणीं खावीं लागतात, हें ज्या वडिलांना ठाऊक आहे त्यांना यांत नवें वाटूं नये. नवें आहे तें निराळेंच. पत्त्यांचा जोड कधीं तरी गुंडाळावा लागे. हा खेळ चोवीस तास उघडा असतो, रोज हजेरी लावणारास बक्षीस देतो, आणि पेटी उघडल्यावर आंत काय निघेल हें सांगत नाहीं. मुंबईच्या पट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या मटका पाहिलेल्या माणसांना या पेटीचें मर्म समजावून सांगावें लागत नाहीं.

एवढ्यावरून मुलगा रोगी ठरतो काय? जागतिक आरोग्य संघटनेनें 2019 च्या मे महिन्यांत रोगांची जी नवी यादी मंजूर केली आणि जी 1 जानेवारी 2022 पासून अमलांत आली, तींत खेळाच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळालें आहे. त्याचीं लक्षणें तीन: खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रस्थान मिळणें, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणें. हें सामान्यतः बारा महिने टिकलें, आणि त्यामुळें शिक्षण, घर किंवा मैत्री खरोखरच ढासळली, तरच विकार म्हणावयाचा. सुटींत आठवडाभर रात्री जागविणारा मुलगा या व्याख्येंत बसत नाहीं, आणि खेळणाऱ्या मुलांपैकीं बहुतेक बसत नाहींत. जीं बसतात त्यांच्यासाठीं बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत 2014 सालापासून स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. मुंबईंतही मानसोपचारतज्ज्ञांस हा प्रश्न आतां अनोळखी राहिलेला नाहीं. मात्र मूल जेवण सोडूं लागलें, जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा बोलूं लागलें, तर बारा महिने मोजीत बसणें हा वेडेपणा होय. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

सरकार कांहीं करीत नाहीं काय, असें पालक विचारतात. सरकारनें केलेलें पुष्कळ आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजीं पब्जीवर बंदी आली. पुष्कळ मुलें फ्री फायरकडे वळलीं. फेब्रुवारी 2022 मध्यें तोही बंद झाला. मध्यंतरीं 2021 च्या जुलैंत आलेला बीजीएमआय पुढल्याच जुलैंत नाहींसा झाला, तो 2023 च्या मे महिन्यांत अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून परतला. मुलें वय वाढवून लिहितात, ही गोष्ट वेगळी. 2025 च्या ऑगस्टांत झालेला कायदा पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर आहे. नुसत्या गोळीबाराच्या खेळांशीं त्याचा संबंध नाहीं. चीननें 2021 पासून मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढीच वेळ ठेविली. उलट कोरियानें मध्यरात्रीनंतरची जुनी बंदी उठविली. देशोदेशींचे शहाणे या बाबतींत एकमतानें बोलत नाहींत, तेथें उरणच्या बापानें गोंधळावें यांत त्याचा दोष नाहीं.

त्यापेक्षां घराजवळचें एक उदाहरण अधिक उपयोगी आहे. सांगली जिल्ह्यांत कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचे वडगांव म्हणून सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. महामारीनंतर मुलें शाळेंत परतलीं खरीं, पण त्यांचें लक्ष अभ्यासांत राहिलेलें नाहीं, असें शिक्षकांच्या ध्यानांत आलें. गांवकऱ्यांनीं विचार करून 15 ऑगस्ट 2022 पासून एक रिवाज घातला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजतो; घरोघरचे मोबाइल आणि दूरदर्शनसंच बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा झाला कीं ते पुन्हां सुरू होतात. प्रारंभीं लोक हंसले. आशा सेविका, अंगणवाडीच्या बाया, ग्रामपंचायतीचे नोकर आणि निवृत्त शिक्षक यांना दारोदार फिरून समजूत घालावी लागली. पुढें त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी गांवानें अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्याचीच बंदी केली आणि दंड ठेविला. दोन्ही गांवांचा हेतु एकच. पण वडगांवच्या भोंग्यांत एक गोष्ट अधिक आहे. तो आईच्या मालिकेलाही लागू आहे आणि बापाच्या व्हॉट्सअॅपलाही.

शेव्याला असा भोंगा वाजविणें सोपें नाहीं. जेथें सायंकाळीं सात वाजतां एक बाप कामावर असतो, दुसरा निजलेला असतो, तेथें साऱ्या गांवाची वेळ एक कशी व्हावी? आणि मोबाइल खालीं ठेवून मुलानें जावें कोठें, हाही प्रश्न आहेच. या भागांत भात कापून झालें कीं खाचरें मोकळीं होत, आणि पावसाळ्यापर्यंत त्यांवर क्रिकेटचे डाव रंगत. नवी मुंबईसाठीं जमिनी गेल्या. 1984 च्या जानेवारींत जासई आणि पागोटे येथें दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत पांच माणसें गोळीबारांत पडलीं, आणि त्या लढ्यांतून पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. मोकळीं खाचरें कांहीं त्यांत परत आलीं नाहींत. तेथें आतां कंटेनरांच्या उतरंडी उभ्या आहेत. बेट शोधीत मुलगा मोबाइलमध्यें शिरतो, त्याचें एक कारण दाराबाहेरही आहे.

आपल्या त्या घरांतील बापानें प्रथम सर्वजण करितात तेंच केलें. मोबाइल हिसकावून कपाटांत कुलुपबंद केला. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाहीं, महिनाभर बापाशीं बोलला नाहीं, आणि मित्राच्या घरीं जाऊन खेळूं लागला. तेव्हां आई म्हणाली, “अहो, निदान घरांत होता तो डोळ्यांसमोर तरी होता.” मोबाइल परत निघाला. त्या रविवारीं बाप मुलाजवळ जाऊन बसला आणि मला हें शिकव म्हणाला. तो छत्रीनें उतरला तो थेट शत्रूच्या घराच्या छपरावर, आणि दुसऱ्याच मिनिटाला मारला गेला. महिन्याभरांत मुलगा प्रथमच हंसला.

त्यानंतर जें ठरलें त्यांत मिनिटें नव्हतीं, डाव होते: शाळेच्या दिवशीं दोन, तेही जेवणाच्या आधीं. आजीचे अडीच हजार दिवाळींतील ओवाळणींतून फेडावयाचे. रात्रीं दहाला घरांतील सगळे मोबाइल बाहेरच्या खोलींतील कपाटावर. पाळी बदलली कीं ही घडी आठवडाभर मोडते, मग पुन्हां बसवावी लागते. गणिताला शिकवणी लावली आहे, पूर्वपरीक्षेंत कसाबसा उत्तीर्ण झाला. परवां रात्रीं दहाला त्यानें आपला मोबाइल कपाटावर नेऊन ठेविला, तेथें आईचा होता, आजीचा होता. त्यानें मागें वळून विचारलें, “बाबा, तुमचा कुठें आहे?”