धुतलेली मोटार टिपताना

मोटार धुण्यापेक्षा ती कोरडी करणे हे अधिक नाजूक काम आहे, याची जाणीव फार थोड्या मालकांना असते. रंगावरील पारदर्शक लेपाची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा मानवी केसाहूनही कमी; आणि धुळीतील गारगोटीचे सूक्ष्म कण त्या लेपाहून कितीतरी कठीण असल्यामुळे, फडक्याखाली सापडलेला एखादा कणही उन्हात स्पष्ट दिसणारा ओरखडा उमटवून जातो. सबब शेवटचे पाणी नळीची तोटी काढून, मंद धारेने टपावरून सोडावे, म्हणजे ते सलग ओघळते व थेंब फारसे मागे राहत नाहीत. नंतर मायक्रोफायबरचा जाड, स्वच्छ पंचा पृष्ठभागावर पसरून, दाब न देता, पाणी नुसते टिपावे. घासणे सर्वस्वी वर्ज्य. जमिनीवर पडलेला पंचा, दिसावयास कितीही निर्मळ असो, धुतल्यावाचून पुन्हा वापरू नये. बोअरवेलचे जड पाणी उन्हात सुकल्यास क्षारांचे पांढरे डाग धरतात, तेव्हा सावलीत आणि हयगय न करता काम उरकावे. दारांच्या फटींतले व आरशांमागचे पाणी मागाहून ओघळते; त्यासाठी निराळे फडके ठेवावे.