एक अक्षर, दोन कामे
(साक्षरता वर्गात पालकांपुढे केलेले भाषण)



परवा आपल्या वर्गातले एक भाऊ माझ्याकडे आले. तोंड उतरले होते. म्हणाले, "गुरुजी, काल पोराला मारलं. आधी म्हणत होता, इंग्रजीत स्वर पाच. काल म्हणाला, वाय हे अक्षर पण कधी कधी स्वर असतं. मला वाटलं, पोरगं थापा मारतंय."

पोरगे खरे बोलत होते. त्याला उगाच मार बसला.

सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणून ही गोष्ट आपणही समजून घेऊ. इंग्रजी येत नसले तरी घाबरू नका. आपल्याला कान आहेत ना?

आधी मराठीत पाहू. बांधावर उभे राहून रामाला हाक मारा. "रामाऽऽऽ!" काय लांबले? 'आ' लांबला. श्वास मोकळा वाहिला, तोंडात कुठे अडला नाही. हा स्वर. आता 'प' म्हणा. ओठ मिटतात. 'त' म्हणा. जीभ दातांना लागते. श्वास अडतो. ही व्यंजने.

आता एक गंमत करा. 'इ' आणि 'आ' सावकाश म्हणा. मग भरभर म्हणा. इ-आ, इ-आ, या! 'इ'चा 'य' झाला. 'प्रति' आणि 'एक' मिळून 'प्रत्येक' होते, ते असेच. 'इ' आणि 'य' हे असे सख्खे शेजारी आहेत. मराठीत दोघांना वेगळी अक्षरे आहेत. इंग्रजीत एकच अक्षर दोघांचे काम करते. ते अक्षर म्हणजे वाय. मोठा वाय झाडाच्या बेचक्यासारखा दिसतो. वर दोन फाटे, खाली एक बुंधा.

याचे शब्द तुम्ही रोज बोलता. आपण माल घेऊन मार्केट यार्डात जातो. 'यार्ड' या शब्दात वाय पहिला आहे. तो 'य' म्हणतो आणि लगेच पुढच्या स्वराला धरतो. इथे तो व्यंजन.

'डेअरी' आणि 'बॅटरी' घ्या. यांच्या शेवटी वाय आहे. तिथे तो 'ई' म्हणतो. "डेअरीऽऽऽ" असे लांबवता येते. इथे तो स्वर.

'सायकल' घ्या. इथे वाय मधे आहे. मराठीत आपण 'साय' लिहितो, त्यात 'य' दिसतो. पण फसू नका. इंग्रजीत 'आय' हा सगळा आवाज एकटा वाय देतो. 'आ'वरून 'इ'कडे सरकणारा हा जोडस्वर आहे. म्हणून इथेही वाय स्वरच. 'सप्लाय'च्या शेवटीही तसेच.

थोडक्यात सांगतो. वाय शब्दाच्या आरंभी आला आणि पुढे स्वर असला, तर तो व्यंजन. मधे किंवा शेवटी आला, तर बहुधा स्वर. तरी मुलाला नुसते पाठ करायला लावू नका. शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. मग विचारा, "बाळ, वाय इथं काय काम करतोय?"

तुम्ही शेतात शेतकरी असता, घरी बाप असता. माणूस एकच, काम वेगळे. अक्षराचेही तसेच आहे.

त्या भाऊंनी काय केले ठाऊक आहे? घरी जाऊन पोराला जवळ घेतले. म्हणाले, "तुझंच बरोबर होतं. आता मला पण शिकीव." त्या रात्री दोघे एका कंदिलाशी अभ्यासाला बसले.

आपणही आज घरी जाऊन मुलांजवळ बसा. रामराम.