गोष्ट सांगता आली पाहिजे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तेव्हा मी एका परदेशी लेखकाबद्दल बोलावे हे धाडसच आहे. पण सॉमरसेट मॉम ह्या इंग्रज नाटककाराच्या काही गोष्टी माझ्या मुलीने मला मराठीतून सांगितल्या, आणि तांदूळ निवडता निवडता मी त्या शेजारणींना सांगितल्या. त्यावरूनच आजचे हे चार शब्द.

मॉम १८७४ साली जन्मले. आईबाप लहानपणीच गेले. बोलताना ते अडखळत. डॉक्टरकी शिकले, पण रमले लिहिण्यात. १९०८ साली लंडनमध्ये त्यांची चार नाटके एकाच वेळी चालू होती. १९६५ साली ते वारले. त्यांच्या गोष्टी जुन्या वळणाच्या आहेत. गोष्टीला सुरुवात असावी, शेवट असावा, आणि चारचौघांत जेवताना सांगितली तरी ती रंगावी, असे त्यांना वाटे. आपल्या आजीलाही दुसरे काय वाटत होते? शिवाय हा नाटकवाला. दोन माणसे समोरासमोर आणायची, चार वाक्ये बोलायला लावायची आणि नेमका पडदा टाकायचा, हे त्यांना पक्के ठाऊक.

त्यांची 'द व्हर्जर' नावाची गोष्ट पाहा. लंडनच्या एका चर्चमध्ये फोरमन नावाचा सेवेकरी सोळा वर्षे चोख काम करीत असतो. नवे पाद्री येतात. ह्याला लिहितावाचता येत नाही हे त्यांना कळते. तीन महिन्यांत शिका, नाहीतर जा, असे ते सांगतात. तो नोकरी सोडतो. उदास मनाने चालताना त्याला सिगारेटची तलफ येते, पण एवढ्या लांब रस्त्यावर एकही दुकान सापडत नाही. मग तो स्वतःच तिथे दुकान टाकतो. दहा वर्षांत दहा दुकाने होतात, बँकेत तीस हजार पौंड साठतात. बँकेचे साहेब थक्क होऊन विचारतात, लिहितावाचता येत असते तर तुम्ही आज कोण झाला असता? तो शांतपणे सांगतो, त्याच चर्चमधला सेवेकरी!

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्याजणी खळखळून हसल्या. मला तर फारच बरे वाटले. फॉर्मवर 'सातवी' लिहिताना मान खाली जाते, ती त्या दिवशी जरा वर झाली. पण आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी म्हणाल्या, "बघा, शिकून काय होते? आमच्या मुलीला आता दहावीनंतर घरीच बसवणार आहे."

माझा हात सुपातच थांबला. गोष्ट मी सांगितली होती, तेव्हा उत्तरही मलाच देणे भाग होते.

मी म्हटले, "वहिनी, त्याला वाचता येत नाही हे बँकेत कळले कसे, ते आठवा. तुम्ही फक्त कागदांवर सही करायची, असे साहेब म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, मी कशावर सही करतो आहे ते मला कसे कळणार? तीस हजार पौंडांचा धनी, पण आपलाच कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा! साहेब भला होता म्हणून बरे. आणि पाद्रीबाबांची चूक काय झाली? त्यांनी सोळा वर्षांचे काम पाहिले नाही. म्हणजे न शिकलेल्याला कमी लेखू नये, एवढेच गोष्ट सांगते. शिकू नये, असे ती कुठे सांगते?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. पुढे अकरावीचा अर्ज मात्र भरला गेला. तो गोष्टीमुळे की मुलीच्या रडण्यामुळे, देव जाणे.

भगिनींनो, जुन्या वळणाच्या गोष्टीचा गुण मला हाच वाटतो. ती सातवीवालीच्याही लक्षात राहते, तोंडी सांगता येते, आणि हसू ओसरल्यावर तिच्यावरून भांडताही येते. तेव्हा आठवड्यातून एक दुपार आपण मंडळात अशी एकेक गोष्ट सांगावी, अशी माझी सूचना आहे. जिला वाचता येत नाही तिने ऐकलेली सांगावी.