वजन वाढले म्हणून औषध सोडू नका



महोत्सवाच्या व्यासपीठावर गौरवाचे बोलावे अशी रीत आहे. परंतु आपल्या घरांत जे केवळ कुजबुजीने बोलले जाते, त्याविषयी आज दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतो.

द्विध्रुवीय मनोविकार, म्हणजे डॉक्टर ज्याला बायपोलर म्हणतात तो, माणसाला कधी उन्मादात चढवतो, तर कधी विषण्णतेत लोटतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला. आज इतरही औषधे आहेत. पण लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि विशेषतः ओलान्झापिन यांनी पुष्कळांचे वजन वाढते. लोक हसतात, आणि रोगी गुपचूप गोळ्या बंद करतो. मग वजन उतरण्याआधी आजारच उलटतो. खरा धोका हा आहे.

सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही. कोणाला औषधाने भूक आवरत नाही. त्याच्या ताटात भात कमी करून ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी वाढावी. कोणाला लिथियमने सारखी तहान लागते. त्याला सरबत न देता साधे पाणी द्यावे. विषण्णतेत अंथरूण सुटत नाही. तेव्हा घरच्या कोणीतरी सोबत जाऊन मावल्याच्या तळ्याकडे दहा मिनिटे फिरवून आणावे. उन्मादाची चाहूल लागली, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून आधी झोप सांभाळावी.

लिथियम घेणाऱ्याने मीठ किंवा पाणी एकाएकी तोडू नये; रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून रोजा असो वा निर्जळी एकादशी, आधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहेच.

हे प्रयत्न व्यर्थ जात नाहीत. अमेरिकेतील मेरिलँडमध्ये गंभीर मनोविकाराच्या २९१ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. आहार व व्यायामाचे मार्गदर्शन मिळालेल्यांचे वजन अठरा महिन्यांनी इतरांच्या मानाने सरासरी ३.२ किलोने अधिक उतरले होते. आकडा लहान आहे, पण औषध चालू ठेवूनही वजन उतरते हे त्याने दाखवले.

महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. औषध बदलावे की मात्रा, हे त्यांनी ठरवावे. मनाच्या तक्रारीसाठी १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची विनामूल्य सेवा २०२२ पासून आहे.

आपले काम एवढेच, की त्याच्या अंगलटीवर हसू नये आणि त्याला एकटे जेवायला बसवू नये.