मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

आम्ही उस्मानपुऱ्यातल्या बचत गटाच्या बायका. आज बोलणार आहोत मोतीबिंदूबद्दल.

तीन वर्षांपूर्वी मासिक बैठकीत आमच्या एका काकूंनी बचतीच्या वहीत खालच्याच ओळीत सही केली. आम्ही हसलो. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. विचारलं तर म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. नातीचं लग्न होऊ द्या, हिवाळ्यात बघू." आम्हीही बरं म्हटलं. दोन हिवाळे गेले. एका रात्री त्यांचा उजवा डोळा लाल झाला, डोकं ठणकलं, उलट्या झाल्या. मोतीबिंदू फार पिकून डोळ्यातला दाब वाढला होता. त्या डोळ्याची नजर पूर्ण परत आली नाही. डाव्याचं ऑपरेशन वेळेत झालं, म्हणून आज त्या आपल्या ओळीत सही करतात.

मोतीबिंदू म्हणजे काय? डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असतं. वयानुसार ते गढूळ होतं. धूसर दिसतं, समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर येतो, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. मधुमेह असेल, डोळ्याला मार लागला असेल किंवा स्टेरॉइडची औषधं बरेच दिवस चालू असतील, तर तो लवकरही होतो.

थेंब टाकून किंवा मध घालून तो जात नाही. ऑपरेशन हाच उपाय. डोळा बधिर करून गढूळ भिंग काढतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. असं भिंग पहिल्यांदा 1949 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी बसवलं. आता बहुतेक जणी त्याच दिवशी घरी येतात. पिकायची वाट पाहायची गरज नाही, उन्हाळा-पावसाळाही आड येत नाही. रोजच्या कामात अडायला लागलं की डॉक्टरांना विचारायचं. सरकारी दवाखान्यात, म्हणजे आपल्या घाटीतही, आधी तपासून घ्या. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, त्यातून मोफत ऑपरेशनची सोय होते.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलेले थेंब वेळेवर घाला. डोळा चोळू नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, चुलीच्या धुरापासून लांब राहा. डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक लक्षात ठेवा. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेक वेळा परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाबही तपासून घ्या.

काकूंच्या प्रसंगानंतर आमच्या गटाने ठरवलं: ऑपरेशनला जाणाऱ्या बाईसोबत गटातली एक जण जाणार, आणि रिक्षाभाड्याला, बुडालेल्या मजुरीला गटातून कर्ज मिळणार. घरात बाईचं ऑपरेशन नेहमी शेवटी येतं, ते आम्हाला पुढे आणायचं आहे.

आज रात्री सासूबाईंना, आईला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं करा. एकेक डोळा झाकून तारीख वाचायला सांगा. आणि हो, स्वतःही वाचून बघा.