वानरांची मोजदाद



‘यंदा माकडे फार वाढली’ हे वाक्य पालेगावापासून बारवी धरणाच्या जंगलापर्यंत कोणत्याही गावी ऐकू येते. वालाच्या शेंगा गेल्या, कौले फुटली, की ते ग्रामसभेत येते आणि ‘माकडे पकडा, दूर नेऊन सोडा’ अशी मागणी होते. तथापि किती वाढली, कोठे वाढली, असे विचारले असता उत्तर मिळत नाही. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते. वाढीचे अनुमान खरे असेलच असे नाही. रान विरळ झाले अथवा वस्तीत उष्टे-खरकटे मिळू लागले, म्हणजे आहेत तेवढीच माकडे गावाकडे सरकतात व ती वाढल्यासारखी भासतात. या दोन स्थितींचे उपाय भिन्न आहेत. हा भेद मोजणीवाचून कळत नाही.

मोजणीपूर्वी प्राणी ओळखला पाहिजे. आफ्रिकेतील बॅबून आपल्याकडे नाही. आपल्या डोंगरांत दोन जाती आढळतात. वानराचे तोंड व हातपाय काळे, शेपूट अंगाहून लांब, आणि आहारात पाल्याचा भाग मोठा. माकडाच्या माथ्यावर केसांची टोपी असते आणि गालांत अन्न साठविण्याच्या पिशव्या असतात. माथेरानास जाणाऱ्यांच्या ते परिचयाचे आहे. दोहोंची नोंद एकत्र केल्यास ती निरुपयोगी होते.

दुसरी पायरी विस्ताराची. गावाच्या नकाशावर ओढे, देवराई, आंब्याची झाडे, पाणवठे दाखवावेत आणि टोळी जेथे दिसली तेथे तारीख व वेळ लिहावी. पाहावयास जाऊन टोळी दिसली नाही, तर शून्य लिहावे. शून्य हीही माहितीच होय.

तिसरी पायरी संख्येची. बॅबून मोकळ्या माळावर हिंडतो, म्हणून त्याची टोळी सरळ मोजता येते. दाट रानात तसे घडत नाही. पाच दिसतात व दहा पानांआड राहतात. म्हणून टोळी पहाटे झोपेच्या झाडावरून उतरताना अथवा वाट ओलांडताना मोजावी, ती अनेक दिवस मोजावी, आणि नर, माद्या व पिले यांचे रकाने निराळे ठेवावेत. वानरांत नुसत्या नरांच्याही टोळ्या असतात. त्या विसरू नयेत. वैशाखी पौर्णिमेस वनखाते पाणवठ्यांवर प्राणिगणना करते. परंतु वानर रात्री झाडावर झोपलेले असते, त्यामुळे त्या चांदण्यातील नोंदीवरून त्याच्या संख्येचा अंदाज बांधता येत नाही.

मोठ्या रानासाठी ठरावीक वाट चालून मोजण्याची रीत आहे. समजा, वाट 4 किलोमीटर असून दोन्ही बाजूंस 50 मीटरपर्यंत स्पष्ट दिसते. पाहिलेले क्षेत्र 0.4 चौरस किलोमीटर झाले. तेवढ्यात 30 वानरे दिसली, तर प्रमाण दर चौरस किलोमीटरला 75 पडते. पण नजर वस्तुतः 25 मीटरच पोहोचत असेल, तर तेच प्रमाण 150 होते! वानर एकही वाढले नाही. अंतराच्या चुकीने ते दुप्पट झाले. म्हणून आकड्याबरोबर वाट, वेळ, अंतर व ऋतू लिहिणे अगत्याचे आहे. सातवीच्या मुलास क्षेत्रफळ व सरासरी यांचे याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल.

अशा मोजणीने काय साधते, याचा दाखला भारतातच आहे. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स साउथविक व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी 1959-60 साली उत्तर प्रदेशात तेथील लाल तोंडाच्या माकडांची पाहणी केली. गावे, शहरे, मंदिरे, रस्ते व वने असे विभाग पाडून त्यांनी मोजणी केली, तेव्हा बहुसंख्य माकडे वनात नसून माणसांच्या सान्निध्यात आढळली. टोळ्यांत अर्धवट वाढीची पिले फार कमी होती, कारण प्रयोगशाळांकरिता तीच पकडून परदेशी धाडली जात. अलिगढ जिल्ह्यात पुढे वर्षानुवर्षे मोजणी चालू राहिली व घट स्पष्ट झाली. 1978 साली भारताने निर्यात बंद केली; त्यानंतर त्याच टोळ्या पुन्हा वाढताना त्याच वह्यांत नोंदल्या गेल्या. पिलांचा रकाना निराळा नसता, तर घटीचे कारण हाती लागले नसते.

प्रत्येक शाळेने एक वही ठेवावी. महिन्यातून दोन ठरावीक दिवशी, त्याच वेळी, त्याच जागेवरून शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी नोंद करावी. मुलांनी रानात एकटे जाऊ नये, टोळीजवळ जाऊ नये आणि खाणे मुळीच देऊ नये. पिकाच्या नुकसानीची नोंदही त्याच वहीत, तारखेसह असावी. दोन-तीन वर्षांनी ती वही ग्रामसभेत उघडली जाईल, तेव्हा शेतकऱ्याची तक्रार अधिक वजनदार होईल आणि मुक्या प्राण्यावरही अन्याय होणार नाही. पाहिले तेवढेच लिहावे व लिहिले तेवढेच बोलावे, हा संस्कार मुलांच्या ठायी रुजला, तर त्या वहीचे मोल माकडांच्या संख्येहून कितीतरी अधिक ठरेल.